परवाना, ड्रायव्हर आणि यंत्राचे आयुष्य

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे नीट चालणारे असंख्य संगणक एका तारखेनिशी बाद ठरले. शाळा, ग्रंथालये, लहान कार्यालये आणि घरांतून लिनक्सची चौकशी वाढली. चौकशी करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : आमचा प्रिंटर चालेल का? वायफाय लागेल का?

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. काही यंत्रे जोडताक्षणी चालतात, काही महिनोन्‌महिने खटपट करूनही चालत नाहीत. नवख्याला बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचे कार्ड बिनतक्रार चालते आणि कालपरवा घेतलेले अडून बसते. यात नशिबाचा भाग नाही. त्यामागे गेल्या चार दशकांतले काही ठोस निर्णय आहेत आणि त्यांच्या मध्यभागी ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीला यंत्राशी बोलू देणारा प्रोग्राम, कोणत्या परवान्याखाली दिला गेला हा मुद्दा आहे. मुक्त परवान्याने ड्रायव्हर आपोआप तयार होत नाही. तो कंपनीने किंवा एखाद्या जिद्दी अभियंत्याने लिहावाच लागतो. पण एकदा लिहिलेला ड्रायव्हर कंपनीचे लक्ष उडाल्यावरही जगेल की तिच्याबरोबर संपेल, हे बव्हंशी परवान्यावर ठरते. हा आढावा त्या एका सूत्राभोवती आहे.

मूळ प्रिंटरपाशीच

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर मिळाला. त्यात कागद वरचेवर अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल करून अशा अडचणीची सूचना सर्वांच्या पडद्यावर येईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोडच मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता, त्याने गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागे असे अनुभव होते. १९८९ मध्ये जीपीएल परवाना आला, १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९२ मध्ये लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जीपीएलखाली आणले आणि आजही ते दुसऱ्या आवृत्तीखालीच आहे.

जीपीएलची मुख्य अट अशी : या कोडवर आधारलेली कृती तुम्ही इतरांना दिलीत, तर तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागेल. बीएसडी, एमआयटी, आयएससी हे परवाने सैल आहेत. मूळ लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर राखला, की कोड बंद उत्पादनातही वापरता येतो. ड्रायव्हरच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरला, कारण वायफाय, ग्राफिक्स, ध्वनी यांचे ड्रायव्हर कर्नलच्या आत, त्याच्या अंतर्गत रचनेला चिकटून चालतात. मग कर्नल जीपीएल असेल, तर त्यात घातलेला ड्रायव्हरही जीपीएलच हवा का?

वादाचा गाभा

या प्रश्नाचे उत्तर तीन दशकांत पूर्णपणे मिळालेले नाही. टोरवाल्ड्स यांनी सुरुवातीच्या काळात एक भेद केला होता. एखादी फाइल-व्यवस्था किंवा ड्रायव्हर लिनक्सच्या आधीच दुसऱ्या प्रणालीसाठी लिहिलेला असेल, तर त्याला लिनक्सवर आधारलेली कृती म्हणणे कठीण. लिनक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या मॉड्यूलची, म्हणजे कर्नलला जोडायच्या कोडच्या तुकड्याची, गोष्ट वेगळी. बंद ड्रायव्हर देणाऱ्या कंपन्यांनी याच फटीतून वाट काढली. सर्व प्रणालींना सामाईक असा मोठा बंद गाभा आणि त्याला कर्नलशी जोडणारा कोडचा पातळ थर, अशी ती रचना. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाचा ड्रायव्हर वर्षानुवर्षे असाच होता.

कर्नलकारांनी याला तांत्रिक उत्तरे दिली. प्रत्येक मॉड्यूलने आपला परवाना जाहीर करायचा. तो बंद असेल तर कर्नलवर ‘डागाळलेले’ अशी खूण बसते आणि अशा यंत्रावरच्या दोषांच्या तक्रारी सहसा ऐकल्या जात नाहीत. कर्नलमधली काही कार्ये फक्त जीपीएल मॉड्यूलसाठी राखून ठेवली गेली. २००४ मध्ये एका मोडेम-ड्रायव्हरमध्ये परवान्याच्या ओळीत जीपीएल या अक्षरांपाठोपाठ शून्य-चिन्ह घालून पुढची अट कर्नलपासून लपवल्याचे उघड झाले. २०२० मध्ये कर्नलच्या ५.९ आवृत्तीने आणखी एक पळवाट बंद केली : जीपीएल म्हणवणारे मधले मॉड्यूल घालून राखीव कार्ये बंद ड्रायव्हरपर्यंत पोचवता येत होती, ते थांबले.

न्यायालयांनी परवान्याला बळ दिले, पण हा विशिष्ट प्रश्न सुटला नाही. २००४ मध्ये कर्नलकार हाराल्ड वेल्टे यांच्या दाव्यात म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल बंधनकारक असल्याचे मान्य केले. २०१५ मध्ये कर्नलकार क्रिस्टोफ हेलविग यांनी हॅम्बुर्गमध्ये व्हीएमवेअर या सॉफ्टवेअर-कंपनीवर दावा लावला. आरोप असा, की कंपनीने लिनक्सचे ड्रायव्हर एका मधल्या थरातून आपल्या बंद प्रणालीला जोडले. खालच्या न्यायालयाने २०१६ मध्ये दावा फेटाळला, २०१९ मध्ये अपीलही फेटाळले गेले. कोडमधला आपला वाटा वादीने पुरेसा सिद्ध केला नाही, या कारणावर प्रकरण संपले आणि मूळ मुद्दा तसाच राहिला. व्हीएमवेअरने तो थर काढून टाकण्याचे मात्र जाहीर केले.

आतले आणि बाहेरचे

परवान्याइतकाच निर्णायक ठरला कर्नलचा एक कामाचा नियम. लिनक्स कर्नल आपल्या ड्रायव्हरांना आतली रचना स्थिर ठेवण्याचे वचन देत नाही. कर्नलकार ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या दस्तऐवजांमध्ये या धोरणाचे सविस्तर समर्थन केले आहे. जो अभियंता आतला सांधा बदलतो, त्याने तो सांधा वापरणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे. ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये असेल, तर निर्मात्याने बोटही न उचलता तो नव्या आवृत्तीबरोबर पुढे जातो. बाहेर ठेवलेला ड्रायव्हर दर नव्या आवृत्तीत मोडू शकतो आणि दुरुस्तीचा सगळा भार निर्मात्यावर पडतो.

आत येण्याची पूर्वअट म्हणजे जीपीएलशी जुळणारा परवाना. त्यामुळे परवाना हे केवळ तत्त्व राहत नाही, फुकट मिळणाऱ्या देखभालीचे ते प्रवेशपत्र होते. २००७ मध्ये क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना सांगितले, की माहितीपत्रके द्या, आम्ही ड्रायव्हर मोफत लिहून देऊ, गोपनीयतेचा करारही करू. अट एकच : तयार कोड जीपीएलखाली कर्नलमध्ये येईल. जुलै २००९ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने हायपर-व्ही या आपल्या आभासी-संगणक प्रणालीसाठीचे सुमारे २०,००० ओळींचे ड्रायव्हर जीपीएलखाली दिले. परवान्याला एके काळी उघड विरोध करणारी कंपनी स्वतःच्या उत्पादनाच्या सोयीसाठी याच वाटेने आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वायफायचा धडा

परवान्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही एकाच यंत्रात पाहायच्या असतील, तर लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर पाहावा. तो २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स असल्याचे २००३ मध्ये जाणकारांच्या लक्षात आले आणि दबावानंतर सोर्स कोड प्रसिद्ध झाला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, जो आज शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतो. जीपीएल नसता तर हे घडले नसते. पण त्याच राउटरमधला ब्रॉडकॉमचा वायफाय ड्रायव्हर बंद मॉड्यूल होता आणि तो कर्नलच्या २.४ मालिकेसाठी बांधलेला होता. बाकी सगळा कोड हाती येऊनही या यंत्रावर नवे कर्नल आणले की वायफाय जाई. एका बंद तुकड्याने सबंध यंत्राला वर्षानुवर्षे जुन्या कर्नलशी बांधून ठेवले.

ब्रॉडकॉमच्या लॅपटॉप-कार्डांसाठी काहींनी विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवणारे एनडीआयएसरॅपर वापरले. दुसरीकडे काही अभियंत्यांनी बंद ड्रायव्हरचा अभ्यास करून चिपचे वर्तन लिहून काढले आणि ते वर्णन वाचून दुसऱ्या गटाने नवा कोड लिहिला. वर्णन करणारे वेगळे आणि कोड लिहिणारे वेगळे ठेवण्याचे कारण कायदेशीर होते : बंद कोडची नक्कल केल्याचा आरोप येऊ नये. हा ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने नव्या चिपसाठी स्वतःचा मुक्त ड्रायव्हर दिला. अथेरॉस या दुसऱ्या वायफाय-चिप कंपनीने २००८ मध्येच तो मार्ग धरला होता. तिचा एथ९के ड्रायव्हर आयएससी परवान्याखाली आला आणि त्या चिपना वेगळे बंद फर्मवेअरही (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लागत नव्हते. त्यामुळे जुन्या लॅपटॉपमध्ये वायफाय कार्ड बदलायचे झाले, तर लिनक्सवाले वर्षानुवर्षे अथेरॉसचे नाव सुचवत आले.

ग्राफिक्स : सर्वांत स्पष्ट तुलना

एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या ग्राफिक्स चिपची माहितीपत्रके खुली करून मुक्त ड्रायव्हरला पाठबळ देण्याचे जाहीर केले. कंपनीचा बंद ड्रायव्हरही तेव्हा चालू होता, म्हणून एकाच कार्डावर दोन्ही मार्गांची तुलना करता येते. २०१२ मध्ये कंपनीने रेडिऑन एचडी २०००, ३००० आणि ४००० या मालिका बंद ड्रायव्हरच्या मुख्य प्रवाहातून वगळल्या. मुक्त ड्रायव्हर मात्र त्या कार्डांना पुढच्या कर्नलांत चालवत राहिला. कार्ड तेच, निर्माता तोच. आयुष्यातला फरक परवान्याने आणि खुल्या माहितीने पाडला. २०१५ मध्ये एएमडीजीपीयू हा नवा मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. २०२२ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम डेक हे खेळयंत्र लिनक्सवर काढले, तेव्हा त्यात एएमडीची चिप होती आणि तिचे ड्रायव्हर मुक्त होते.

एनव्हीडियाची वाट वेगळी. तिचा बंद ड्रायव्हर वेगाच्या बाबतीत दमदार होता आणि कंपनी तो नियमाने सुधारत असे, हे मान्य केले पाहिजे. पण जुन्या कार्डांच्या शाखा ठरलेल्या तारखेला संपत : ३४० ही शाखा २०१९ च्या अखेरीस, ३९० ही २०२२ च्या अखेरीस. त्यानंतर कर्नल पुढे सरकले, की त्या कार्डांच्या मालकाला नूव्हो या स्वयंसेवी मुक्त ड्रायव्हरकडे वळावे लागते. नूव्होच्या वाटेत आणखी एक भिंत उभी राहिली. २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीची सही असलेले फर्मवेअरच चालते आणि ते नसेल तर कार्डाची गती वाढवता येत नाही. कोड मुक्त असूनही कार्ड रांगत राहिले. मे २०२२ मध्ये एनव्हीडियाने कर्नलमधला भाग एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली खुला केला. तो ट्युरिंग या पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी आहे. बरेचसे काम चिपवरच्या फर्मवेअरकडे हलवल्यावर ते शक्य झाले. फर्मवेअर आणि कर्नलबाहेरचा भाग आजही बंद आहे.

इंटेलचे ग्राफिक्स ड्रायव्हर बहुतेक मुक्त आहेत. अपवाद मोठा बोलका आहे : २००८ च्या सुमारास नेटबुकमध्ये आलेली जीएमए ५०० ही चिप. तिचा ग्राफिक्स गाभा इमॅजिनेशन कंपनीकडून घेतलेला होता आणि ड्रायव्हर बंद होता. तो थोड्याच काळात निराधार झाला. कर्नलमध्ये पुढे आलेला मुक्त ड्रायव्हर पडदा दाखवतो, त्रिमितीचा वेग देत नाही. कंपनी मुक्त परवान्याची पुरस्कर्ती असली, तरी उसन्या घेतलेल्या भागावर तिचा अधिकार चालत नाही.

सैल परवान्यांची बाजू

मुक्त ड्रायव्हर हवा म्हणजे जीपीएलच हवा, असे मात्र नाही. लिनक्समधल्या इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा मोठा भाग एमआयटी परवान्याखाली आहे. त्यामुळे फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या प्रणाली तेच ड्रायव्हर आपल्याकडे आणू शकतात. लोकबळ कमी असलेल्या प्रणालींसाठी हा आधार जीवनावश्यक आहे. जीपीएल कोडच्या बाबतीत प्रवाह एकाच दिशेने वाहतो : बीएसडी कोड लिनक्समध्ये येऊ शकतो, उलट दिशेने जाऊ शकत नाही. २००७ मध्ये अथेरॉसच्या चिपसाठी इतरांनी लिहिलेल्या ड्रायव्हरवरून दोन्ही समुदायांत कडाक्याचा वाद झाला, तो या असमतोलातूनच.

सैल परवान्याची किंमतही आहे. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडीवर आधारलेली आहे. त्यातले हार्डवेअरविषयक काम खुले करण्याचे बंधन कंपनीवर नाही. दुसरीकडे ओपनबीएसडीने बंद ड्रायव्हर आणि गोपनीयतेचे करार दोन्ही नाकारून कंपन्यांकडे माहितीपत्रकांचीच मागणी लावून धरली. परवाना सैल ठेवूनही माहितीबाबत इतकी कणखर भूमिका घेता येते, हे या प्रकल्पाने दाखवून दिले.

खिशातला फोन

परवान्याच्या मर्यादा सर्वाधिक जाणवतात त्या अँड्रॉइड फोनमध्ये. कर्नल जीपीएल असल्यामुळे फोन-कंपनीला त्याचा सोर्स कोड द्यावा लागतो. पण कर्नलबाहेरची चौकट अपाचे परवान्याखाली आहे आणि कॅमेरा, ग्राफिक्स, मोडेम यांचे मर्म तिथल्या बंद फायलींत ठेवले जाते. जो कर्नल-कोड मिळतो, तोही बहुधा चिप-कंपनीच्या लाखो ओळींच्या फेरफारांसह एका जुन्या आवृत्तीचा गठ्ठा असतो. कायद्याची अट पाळली जाते, पण तो कोड मूळ कर्नलमध्ये नांदत नाही. चिप-कंपनीने हात काढला, की फोनचे अद्यतन थांबते. भारतात बहुसंख्य लोक स्वस्त अँड्रॉइड फोन वापरतात आणि त्यांना याची झळ थेट लागते.

गूगलने २०१७ मध्ये ट्रेबल या योजनेने प्रणाली आणि चिपचा भाग वेगळे केले. पुढे सर्व फोनांना सामाईक कर्नल देण्याचे पाऊल उचलले. फोनचे आयुष्य यामुळे वाढू लागले, पण बंद भाग बंदच राहिला. समांतर वाटेने फ्रीड्रेनो आणि पॅनफ्रॉस्टसारख्या प्रकल्पांनी क्वालकॉम व आर्मच्या ग्राफिक्स चिपसाठी मुक्त ड्रायव्हर बांधले आणि पोस्टमार्केटओएस हा २०१७ चा प्रकल्प जुन्या फोनांना मूळ कर्नलवर आणण्यासाठी धडपडतो आहे.

फर्मवेअर : परवान्याची सीमारेषा

ड्रायव्हर खुला झाला तसे गुपित चिपच्या आत सरकले. वायफाय आणि ग्राफिक्स चिपवर चालणारे फर्मवेअर बहुतांशी बंद असते. ते वाटण्याची परवानगी तेवढी मिळते. परवान्यांबाबत काटेकोर असलेल्या डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर स्थापनेच्या अधिकृत प्रतीत घेण्याचे ठरवले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते लागू झाले. मला हा निर्णय योग्य वाटतो. वायफायच लागले नाही, तर मुक्त प्रणाली सामान्य माणसाच्या हाती पोचतच नाही.

आपल्या कार्यालयांत वर्षानुवर्षे राबणारा एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर याच सीमारेषेवर आहे. एचपीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर-संच मुक्त परवान्यांखाली मिळतो. पण या प्रिंटरला चालू केल्यावर दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर घ्यावे लागते आणि त्यासाठी वेगळा बंद प्लगइन उतरवावा लागतो. इंटरनेट नसलेल्या शाळेत काम नेमके इथे अडते.

कंपन्यांच्या अडचणी

प्रत्येक बंद ड्रायव्हरमागे दुष्टावा असतो असे मानणे अन्यायाचे होईल. चिपमध्ये इतरांकडून घेतलेले भाग असतात, पेटंटच्या दाव्यांची भीती असते. काही वेळा अडसर तिसऱ्याचाच असतो : एएमडीने एचडीएमआय २.१ चा मुक्त ड्रायव्हर देण्याची तयारी दाखवली, पण २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने तो नाकारला, कारण मानकाचा तपशील गोपनीय आहे. रेडिओ उपकरणांवर शासकीय मर्यादाही असतात. तरीही २०१६ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने टीपी-लिंकशी तडजोड करताना दोन लाख डॉलर दंडाबरोबरच तिसऱ्या पक्षाचे सॉफ्टवेअर राउटरवर चालू देण्याच्या दिशेने काम करण्याची अट घातली. नियमन आणि खुलेपणा एकमेकांचे शत्रू नाहीत, याचा तो पुरावा आहे.

खरेदीदाराच्या हातातले

या सगळ्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. परवाना कंपनीला ड्रायव्हर लिहायला लावू शकत नाही आणि चिपच्या आतपर्यंत पोचत नाही. पण ड्रायव्हर मुक्त परवान्याखाली मूळ कर्नलमध्ये आला, तर यंत्राचे आयुष्य कंपनीच्या विक्री-योजनेतून सुटते. आजवर कंपन्या वळल्या त्या केवळ दाव्यांमुळे नाहीत. मोठ्या ग्राहकांना असे ड्रायव्हर हवे झाले, बंद ड्रायव्हर सांभाळणे महाग पडू लागले, म्हणून त्या वळल्या.

ग्राहक म्हणून आपले वजन कमी नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. केरळच्या शाळा लिनक्सवर शिकवतात. पुण्यात रेड हॅट आणि एनव्हीडिया दोघांचीही मोठी अभियांत्रिकी केंद्रे आहेत. या प्रश्नावर प्रत्यक्ष काम करू शकणारी माणसे इथेच आहेत. उणीव आहे ती खरेदीच्या वेळी प्रश्न विचारण्याची. शाळेचा मुख्याध्यापक असो, नगरपालिकेचा अधिकारी किंवा स्वतःच्या पैशाने लॅपटॉप घेणारा विद्यार्थी, प्रत्येकाने विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात : याचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये, प्रिंटर असेल तर मुक्त परवान्याखाली, आहे का? लागणारे फर्मवेअर मुक्तपणे वाटता येते का? कंपनीने आधार थांबवल्यावर हे यंत्र दुसऱ्या कोणाला चालू ठेवता येईल का? सार्वजनिक पैशातून होणाऱ्या हार्डवेअर खरेदीच्या प्रत्येक निविदेत या तीन अटी लेखी असाव्यात, अशी मागणी ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत कोणीही करू शकतो. ती आपण केली पाहिजे.